घरच्या संगणकाला मराठी कळली तेव्हा

१४ ऑक्टोबर २०२५ ही 'विंडोज १०' या कार्यप्रणालीच्या नियमित आधाराची शेवटची तारीख. म्हणजे अनेक घरांत एकच प्रश्न उभा असेल : संगणक नव्या प्रणालीवर न्यायचा, की संगणकच बदलायचा? २०२१च्या ऑक्टोबरमध्ये 'विंडोज ११' आली तेव्हाच तिने अटी घातल्या होत्या. संगणकात सुरक्षेची एक ठरावीक चिप हवी आणि प्रोसेसर साधारण २०१७ नंतरच्या पिढीचा हवा. त्यामुळे चांगले चालणारे कित्येक संगणक केवळ वयामुळे बाद होणार आहेत. दिवाळीच्या साफसफाईत ते माळ्यावर जातील किंवा भंगारवाल्याच्या गाडीत. त्यांच्याबरोबर त्यांच्याही आधीच्या संगणकाची हार्ड डिस्क, सीडीचे डबे आणि खोक्यात पडून राहिलेल्या फ्लॉप्याही जातील.

मला चिंता वाटते ती या शेवटच्या खोक्याची. गेली पंचवीसेक वर्षे मी माझ्या भागातले स्थानिक इतिहासाचे कागद गोळा करतो आहे. सुरुवातीला घरोघरी बाडे निघत, वह्या निघत. आता फ्लॉप्या निघतात. त्यांत नव्वदच्या दशकापासून २००५-०६पर्यंत संगणकावर टंकलेली मराठी असते : आठवणी, कुलवृत्तांत, शाळांच्या स्मरणिका, देवस्थानांच्या माहितीपुस्तिका, प्रबंध, ओव्यांचे संग्रह. यातले बरेचसे आज उघडले तर वाचता येत नाही. फ्लॉपी धड असते, फाइल धड असते, एकही अक्षर पुसलेले नसते. तरी पडद्यावर येते ते इंग्रजी अक्षरांचे निरर्थक जंजाळ.

असे का झाले, हे शोधताना मी एका जुन्या स्थित्यंतरापाशी पोचलो. साधारण २००२ ते २००७ या काळात आपल्या घरांतले संगणक 'विंडोज ९८'वरून 'विंडोज एक्सपी'वर गेले. संगणकाच्या इतिहासात या बदलाचे वर्णन वेग, स्थैर्य आणि देखणेपणा या शब्दांत केले जाते. मराठी लिहिणाऱ्यांच्या बाबतीत ते लिप्यंतर होते, आणि ते अर्ध्यावर राहिले. त्या लिप्यंतराची ही हकिकत.

एका नावाची दोन घराणी

'विंडोज' हे नाव एकच असले तरी त्या नावाखाली बरीच वर्षे दोन वेगळी घराणी नांदत होती. पहिले घराणे डॉसच्या पायावर उभे होते. २४ ऑगस्ट १९९५ला आलेली 'विंडोज ९५', १९९८ची 'विंडोज ९८' आणि २०००ची 'विंडोज एमई' ही त्या घराण्यातली. ही घरगुती वापराची प्रणाली. यंत्र साधे असले तरी चाले. 'विंडोज ९५'ला तर कागदोपत्री ४ एमबी स्मृती पुरत असे. या घराण्यात कार्यक्रमांना बरीच मोकळीक होती. एखादा कार्यक्रम थेट यंत्राच्या भागांशी, उदाहरणार्थ प्रिंटरच्या पोर्टशी, बोलू शके. या मोकळिकीची किंमत म्हणून एक कार्यक्रम अडला की सगळा संगणक अडे.

दुसरे घराणे 'एनटी'चे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीतून १९८८ साली मायक्रोसॉफ्टमध्ये आलेले डेव्ह कटलर आणि त्यांचे सहकारी यांनी ते शून्यापासून उभे केले. त्याची पहिली आवृत्ती १९९३ला आली. ही प्रणाली कचेऱ्या आणि मोठ्या संस्थांसाठी होती. तिच्यात कोणत्याही कार्यक्रमाला यंत्राला परस्पर हात लावता येत नसे. प्रत्येक मागणी प्रणालीच्या मध्यवर्ती भागातूनच जाई.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा फरक वेगळाच आहे. घरगुती घराण्यात एका अक्षरासाठी एक बाइट, म्हणजे एकूण २५६ घरे, असा हिशेब होता. एनटीच्या आत मात्र पहिल्यापासून मजकूर युनिकोडमध्ये, दोन-दोन बाइटांनी ठेवला जाई. त्यात जगातल्या लिप्यांना स्वतंत्र घरे देण्याची सोय होती. २५ ऑक्टोबर २००१ला 'विंडोज एक्सपी' आली ती ही दोन घराणी एक करून. नाव आणि रूप घरगुती, आतला सांगाडा एनटीचा. 'विंडोज ९८' काढून 'एक्सपी' घालणारा माणूस नकळत एका घराण्यातून दुसऱ्या घराण्यात जात होता. त्याच्या लिपीच्या दृष्टीने तो २५६ घरांच्या चाळीतून मोठ्या शहरात राहायला जात होता.

इंग्रजीच्या वेषातली मराठी

चाळीत मराठी कशी राहत होती, हे आधी पाहायला हवे.

२५६ घरांपैकी पहिली ३२ यंत्राच्या आज्ञांसाठी. पुढे इंग्रजी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे. उरलेल्या वरच्या घरांत युरोपीय भाषांची टिंबे-टोप्या घातलेली अक्षरे. देवनागरीला जागाच नव्हती. मग आपल्याकडच्या फाँट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. घरे इंग्रजी अक्षरांचीच ठेवली, पण त्या घरांत चित्रे देवनागरीची बसवली. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच राहिले. डोळ्यांना मराठी दिसली.

एक उदाहरण घेऊ. उत्तर भारतात फार चाललेल्या आणि आपल्याकडेही पुष्कळ वापरल्या गेलेल्या 'कृतिदेव' या फाँटात 'मराठी' हा शब्द टंकला, तर संगणकात साठवली जातात ती पाच इंग्रजी अक्षरे : छोटा ई, छोटा जे, छोटा के, मोठा बी आणि छोटा एच. छोट्या 'ई'च्या घरात 'म'चे चित्र आहे, 'जे'च्या घरात 'र'चे, 'के'च्या घरात कान्याचे. फाँट काढून घेतला की उरतो तो ई-जे-के-बी-एच असा अर्थहीन शब्द. मोठ्या 'ई'च्या घरात अर्धा 'म'. परिच्छेदाचे पहिले अक्षर आपोआप मोठे करणारी वर्डची सोय चालू राहिली तर 'मी' लिहिताना 'म' अर्धाच उमटे. प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येई ती वेगळीच, कारण वर्डच्या मते ते सगळे चुकीचे इंग्रजी होते.

तेवढ्या जागेत देवनागरी बसवणे हे सोपे काम नव्हते. पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे, नेहमीची जोडाक्षरे, रफार, वेलांट्या, उकार, मराठीचा खास अर्धचंद्री रकार. प्रत्येक कंपनीने आपापल्या हिशेबाने मांडणी केली. 'श्रीलिपी'ची एक, 'आकृती'ची दुसरी, सी-डॅकच्या फाँटांची तिसरी. काहींत तर एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांची मांडणीही जुळत नसे. त्यामुळे एका फाँटातला मजकूर दुसऱ्या फाँटात घातला की तो वाचता येत नसे. दोन्ही मराठीच, पण एकमेकींना अनोळखी.

माझ्यासारख्याला याची झळ सर्वांत जास्त सूची करताना बसे. १९९९पासून मी आठवडी बाजारांवरच्या नोंदी संगणकावर करत होतो. गावांची सूची अकारविल्हे लावायला सांगितली की संगणक ती इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावी. कृतिदेवच्या मांडणीत 'म' हा 'र'च्या आधी येतो तो म-र-असा वर्णक्रम आहे म्हणून नव्हे, तर 'ई' हा 'जे'च्या आधी येतो म्हणून. बाकीची अक्षरे कुठेही जात. शेवटी प्रत्येक सूची हाताने लावावी लागे. संगणक माझे लेखन जपत होता, पण त्याला ते कळत नव्हते.

कानपूर, पुणे आणि युनिकोड

संगणकाला लिपी कळवायची तर चित्रांना नव्हे, वर्णांना क्रमांक द्यायला हवेत, हा विचार आपल्याकडे बराच आधी झाला होता. कानपूरच्या आयआयटीत देवनागरीवर काम सुरू झाले, त्यातून 'जिस्ट' हे तंत्र उभे राहिले. संगणकात बसवायचे जिस्ट कार्ड अनेक वाचकांना आठवत असेल. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि जिस्टचे काम तिथे आले. या सगळ्या खटपटीतून भारतीय लिप्यांसाठी जी समान संकेतावली तयार झाली तिचे नाव 'इस्की'. १९९१ला ती भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली.

इस्कीचे मूळ सूत्र आपल्या वर्णमालेतूनच आलेले आहे. देवनागरी, बंगाली, कन्नड, तमिळ या लिप्यांची वळणे वेगळी, पण वर्णांची घडण बरीचशी समान. म्हणून क्रमांक 'क' या वर्णाला द्यायचा, त्याच्या आकाराला नाही. अर्धा 'क', 'क्ष'मधला 'क', रफाराखालचा 'क' हे सगळे एकच. ते कसे दिसावेत हे पडद्यावर दाखवताना ठरवायचे.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१चीच. तिने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरून घेतली. देवनागरीला २३०४ ते २४३१ अशी १२८ घरे मिळाली. त्यात 'क'चा क्रमांक २३२५, 'म'चा २३५०. हे क्रमांक फाँट बदलला तरी बदलत नाहीत. कृतिदेवमधला 'म' मात्र संगणकाच्या लेखी १०१ क्रमांकाचा छोटा 'ई' होता. २३५० आणि १०१ या दोन आकड्यांमधले अंतर हेच या लेखाचे खरे कथानक आहे.

वर्णांचे क्रमांक ठरले तरी ते दाखवणारी प्रणाली आणि फाँट हवा. ते विंडोजमध्ये आले 'विंडोज २०००'पासून. देवनागरीसाठी त्यात 'मंगल' हा फाँट होता. तो रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडवला. र. कृ. जोशी म्हणजे मराठीतले कवी आणि सुलेखनकार. मुंबईच्या आयआयटीत त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकवल्या आणि पुढे संगणकीय अक्षरांच्या कामात स्वतःला झोकून दिले. २००८ साली ते गेले. घराघरांतल्या संगणकांवर पहिल्यांदा खरीखुरी देवनागरी उमटली ती एका मराठी कवीच्या हातची होती, हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवायला हवे. 'विंडोज २०००' मात्र कचेऱ्यांची प्रणाली. मंगल घरी पोचला तो प्रामुख्याने एक्सपीबरोबर.

एक खूण करायची राहिली

घरच्या संगणकावर एक्सपी घालणे हा तेव्हा एक सोहळाच असे. कंपनीच्या अटी अशा : किमान २३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, किमान ६४ एमबी स्मृती पण १२८ असलेली बरी, आणि डिस्कवर दीड जीबी मोकळी जागा. तीन-चार वर्षांपूर्वीच्या संगणकात आधी स्मृतीची पट्टी वाढवावी लागे. मग दोन रस्ते होते. पहिला रस्ता सरळ अपग्रेडचा : ९८ चालू असतानाच तिच्यावर एक्सपी घालायची. फाइली, फाँट, बरेचसे कार्यक्रम जागेवर राहत. डिस्कची जुनी रचना तशीच ठेवली तर पस्तावल्यावर ९८वर परतही जाता येई. दुसरा रस्ता 'फॉरमॅट मारण्याचा' : कामाच्या फाइली फ्लॉपीवर किंवा सीडीवर काढायच्या, डिस्क कोरी करायची आणि एक्सपी नव्याने घालायची. संगणक दुरुस्त करणारी मुले बहुधा दुसरा रस्ता सुचवत, कारण त्यात मागचा कचरा राहत नसे आणि संगणक चपळ चाले. तांत्रिकदृष्ट्या त्यांचे म्हणणे बरोबरच होते.

मी २००३ला पहिल्या रस्त्याने गेलो. नोंदींच्या सगळ्या फाइली उघडल्या, जुने फाँट जागेवर होते. टंकायचा कार्यक्रम मात्र चालेना. त्याचे कुलूप म्हणजे प्रिंटरच्या पोर्टला लावायचा एक ठोकळा होता, आणि तो कार्यक्रम जुन्या रिवाजाप्रमाणे त्या पोर्टशी थेट बोलू पाहत होता. नव्या घराण्यात तशी मुभा नव्हती. कुलपासाठी नवा ड्रायव्हर मिळवावा लागला, त्यात पाच आठवडे गेले. माझ्या ओळखीच्या काही डीटीपीवाल्यांनी याच कारणाने ९८ पुढे अनेक वर्षे सोडली नाही. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची. मराठी छपाईचा बराच व्यवहार तो कार्यक्रम आणि जुने फाँट यांच्या जोडीवर त्यानंतरही चालत राहिला.

तेवढ्यात एक गोष्ट नजरेत आली. एक्सपीत मराठी होती, पण झोपलेली. ती जागी करायची तर कंट्रोल पॅनेलमधल्या प्रादेशिक व भाषाविषयक पर्यायांत जाऊन 'भाषा' या भागात संमिश्र लिप्यांसाठीच्या एका चौकोनात खूण करावी लागे. मग प्रणाली मूळ सीडी मागे, काही फाइली उतरवून घेई आणि संगणक पुन्हा सुरू करायला सांगे. त्यानंतर मराठीचा कळफलक जोडता येई. ज्यांच्याकडे सीडी नव्हती आणि ज्यांना हा चौकोन कोणी दाखवला नाही, त्यांच्या संगणकात मराठी असूनही दिसली नाही. ही खूण करण्याची गरज संपली ती २००७च्या 'विस्टा'त.

खूण केल्यावर मी 'बाजार' हा शब्द टंकला आणि गावांची छोटी यादी नव्या पद्धतीने करून अकारविल्हे लावायला सांगितली. ती बरोबर लागली. अंकलीपासून औंधापर्यंत स्वर, मग कराड, मग खटाव. पाच वर्षे हाताने केलेले काम क्षणात झाले.

संगणकाला मराठी पुरती कळली होती असे मात्र नाही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक दाखवणारा अर्धचंद्री रकार कसा टंकायचा, हे पुष्कळांना शोधून काढावे लागले. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळाले ते २००८ला. तोवर 'अ'वर चंद्र ठेवून भागवावे लागे. तरीही दार उघडले होते. २००३च्या मे महिन्यात मराठी विकिपीडिया सुरू झाला, तो याच उघडलेल्या दारातून.

आता मूळ मुद्दा. मी संगणकाला 'बाजार' हा शब्द सगळ्या फाइलींत शोधायला सांगितला, तेव्हा त्याने नवी यादी तेवढी दाखवली. पाच वर्षांच्या नोंदींत शेकडो वेळा आलेला 'बाजार' त्याला एकदाही सापडला नाही. त्याच्या दृष्टीने जुन्या फाइलींत मराठी नव्हतीच. एकाच डिस्कवर, एकाच हाताने लिहिलेल्या दोन मराठी नांदत होत्या आणि संगणकाला त्यांतली एकच ओळखीची होती. प्रणाली बदलल्याने जुने काही बिघडले नव्हते. नव्याला जी ओळख मिळाली ती जुन्याला आपोआप लागू झाली नाही, एवढेच.

माझे फाँट हाती होते, म्हणून मी पुढच्या दोन वर्षांत सगळ्या नोंदी युनिकोडमध्ये नेल्या. रूपांतर म्हणजे केवळ खुणेला खूण लावणे नसते. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकत, जशी आपण हाताने काढतो. युनिकोडमध्ये ती वर्णाच्या नंतर साठवतात, जशी उच्चारतो. रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर, नव्या पद्धतीत आधी. मजकुरात मधेच खरे इंग्रजी शब्द असतील आणि फाँटाची माहिती हरवली असेल, तर रूपांतराचा कार्यक्रम त्यांचीही 'मराठी' करून टाकतो. म्हणून शेवटी प्रत्येक पान माणसाने वाचावेच लागते.

अकरा फ्लॉप्या

ज्यांनी दुसरा रस्ता धरला त्यांचे काय झाले, हे मला पुढे एका घरात दिसले.

आमच्या भागातले एक निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजीच म्हणत, ऐंशीच्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा करत होते. गावोगाव जाऊन वह्यांत उतरवून घेत. १९९६ला मुलाने संगणक घेतला तेव्हा त्यांनी वयाच्या पासष्टीत टंकलेखन शिकून वह्या संगणकावर चढवायला घेतल्या. २००१पर्यंत ते काम चालले. वह्या माळ्यावर गेल्या आणि एका पावसाळ्यात वाळवीने संपवल्या. त्याचे गुरुजींना फार वाईट वाटले नाही. सगळे संगणकात आहे, असे ते म्हणत.

२००५ला मुलाने संगणकावर एक्सपी घालून घेतली. डिस्क कोरी करण्याआधी त्याने वडिलांच्या सगळ्या फाइली अकरा फ्लॉप्यांवर काढल्या, प्रत्येकीवर क्रमांक घातला, वर सुवाच्य अक्षरात 'ओव्या' असे लिहिले. काळजीने केलेले काम होते. त्याने फाँट मात्र काढला नाही. वही जपताना कोणी शाईची बाटली जपत नाही. फाँट हा लेखनाचा भाग आहे हे त्याच्या लक्षात यायचे काही कारण नव्हते. गुरुजींना तोवर दिसणे कमी झाले होते. त्यांनी त्या फाइली पुन्हा उघडल्या नाहीत. २०११ला ते गेले.

२०१६ला त्या फ्लॉप्या माझ्याकडे आल्या. तीन वाचल्याच गेल्या नाहीत. आठ वाचल्या गेल्या आणि प्रत्येकीत तेच जंजाळ निघाले. फाइलीत फाँटाचे नाव होते, पण तो बनवणारी छोटी कंपनी बंद पडून बराच काळ लोटला होता आणि तो फाँट मला कुठेच मिळाला नाही. प्रचलित फाँटांच्या रूपांतराचे कार्यक्रम लावून पाहिले. मांडणी कोणाशीच जुळेना.

मोडी शिकलेल्यांना पुढची पद्धत ओळखीची वाटेल. अनोळखी वळणाचा मोडी कागद आला की त्यातला ठरलेला मायना आधी शोधायचा, कारण तो काय असणार हे आपल्याला ठाऊक असते. त्यावरून लिहिणाऱ्याची अक्षरे ओळखायची आणि मग पुढे सरकायचे. मला तसा मायना हवा होता. तो गावच्या शाळेच्या १९९९च्या स्मरणिकेत सापडला. गुरुजींनी तिच्यात आपल्या संग्रहातल्या निवडक ओव्या छापल्या होत्या, आठ पाने. त्या छापील ओव्यांची कडवी किती, प्रत्येक ओळीत शब्द किती, हे मोजून मी फ्लॉप्यांतल्या फाइलींशी ताडून पाहिले. चौथ्या फ्लॉपीत तशी एक फाइल निघाली. छापील पान आणि ती फाइल शेजारी ठेवून प्रत्येक खुणेपुढे तिचे अक्षर लिहीत गेलो. तीन आठवड्यांत बहुतेक सगळा तक्ता तयार झाला.

काही खुणा त्या आठ पानांत आल्याच नव्हत्या. त्या संदर्भाने लावाव्या लागल्या. एक खूण फार दिवस अडली. ती 'सास' आणि 'याला' यांच्यामध्ये यायची, 'वा' आणि 'यानं' यांच्यामध्ये यायची. एके दिवशी ओळी मोठ्याने म्हणताना उलगडा झाला : सासऱ्याला, वाऱ्यानं. तो आपला अर्धचंद्री रकार होता, ज्याला त्या अज्ञात फाँटकर्त्याने स्वतंत्र घर दिले होते. कोण कुठला तो माणूस, पण मराठीची नड त्याला ठाऊक होती.

आज त्या आठ फ्लॉप्यांतल्या सुमारे नऊशे ओव्या युनिकोडमध्ये आहेत. म्हणणाऱ्या बायकांची नावे आणि गावे गुरुजींनी प्रत्येक ओवीखाली लिहिली होती, तीही वाचता येतात. त्यांपैकी बहुतेक जणी आता हयात नाहीत. उरलेल्या तीन फ्लॉप्यांत काय होते ते कोणाला सांगता येत नाही. गुरुजींच्या मुलाने मला विचारले, "फाँटची एक फाइल ठेवली असती तर?" तर हे काम एका दिवसाचे होते. फाँटची फाइल त्या फ्लॉपीच्या कोपऱ्यात मावली असती.

जाण्याआधी

मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकवली जात होती. मग ती थांबली आणि पाहता पाहता पेशवे दफ्तरातले कागद वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले. तरी मोडीचा कागद शंभर वर्षांनीही डोळ्यांना दिसतो, शिकणारा शिकू शकतो. फाँटातल्या मराठीची मुदत इतकी मोठी नाही. फ्लॉपीचे चुंबकत्व उतरते. ती वाचणारा ड्राइव्ह नव्या संगणकाला येत नाही. ६४ बिटांच्या विंडोजवर डॉसच्या काळातले १६ बिटांचे कार्यक्रम उघडतच नाहीत. ८ एप्रिल २०१४ला एक्सपीचा आधार संपला, तेव्हा जुने फाँट बसवलेले पुष्कळ संगणक गेले. आता विंडोज १०ची पाळी आहे. प्रत्येक बदलात मूळ यंत्राची, फाँटांची आणि ते वापरलेल्या माणसांची संख्या घटते आहे.

म्हणून या वेळी संगणक बदलण्याआधी थोडे थांबावे, एवढीच विनंती. जुन्या डिस्कवर विंडोजच्या फोल्डरमध्ये 'फाँट्स' नावाचे एक फोल्डर असते. ते सगळेच्या सगळे उतरवून घ्यावे आणि ज्या मजकुरासाठी ते वापरले त्याच्या शेजारीच ठेवावे. जुनी मराठी फाइल अजून नीट दिसत असेल तर तिची पीडीएफ करावी, आणि एक-दोन पाने कागदावर छापून ठेवावीत. उद्या सगळे हरवले तरी ते पान किल्लीसारखे उपयोगी पडेल. मग सवडीने युनिकोडमध्ये रूपांतर करून डोळ्यांखालून घालावे. ज्यांनी त्या काळी डीटीपीचा व्यवसाय केला, त्यांच्याकडे आजही फाँटांच्या सीडी आणि मांडणीचे तक्ते असतात. आपल्या गावात असे कोण आहे, हे विचारून ठेवावे. विद्यापीठे आणि वस्तुसंग्रहालये यांनी बंद पडलेल्या मराठी फाँटांचे तक्ते एका जागी आणले, तर माझ्यासारख्यांचे तीन आठवडे वाचतील. ते होईपर्यंत हे काम घरोघरीच व्हायला हवे.

गुरुजींच्या फाइलींचा तक्ता मी तयार ठेवला आहे. त्याच फाँटात टंकलेले आणखी काही कोणाच्या खोक्यात असेल, तर ते आता वाचता येईल.